मत गावात, मतदार फडात

(जाफराबाद येथे कार्यकर्ते व नागरिक कुटुंबे यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते निवृत्त शिक्षक असून निवडणुकीच्या कामाचा त्यांना दीर्घ अनुभव आहे.)



‘मतदान का घटते?’ हा विषय आपण मला दिलात. या विषयावरील भाषणांचा एक साचा ठरून गेला आहे. प्रथम टक्केवारी सांगावयाची, मग सुशिक्षितांच्या उदासीनतेवर कोरडे ओढावयाचे आणि अखेरीस शंभर टक्के मतदानाची शपथ घ्यावयाची. शपथेला माझा विरोध नाही. परंतु आज मी मतदाराच्या मनाविषयी कमी आणि कायद्याविषयी अधिक बोलणार आहे. एखादा माणूस मतदान केंद्रावर येतो की नाही, हे केवळ त्याच्या कर्तव्यबुद्धीवर ठरत नाही. त्याचे नाव कोणत्या गावच्या यादीत आहे, मतदानाचा दिवस कोणता नेमला आहे, त्या दिवशी त्याची मजुरी बुडते काय, आणि तो परगावी असल्यास त्याच्या मताची काही व्यवस्था आहे काय, हे कायदा ठरवितो. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजुराच्या बाबतीत या चारही ठिकाणी कायद्याची आणि त्याची चुकामूक होते. ती कशी होते, हेच आज सांगावयाचे आहे.

आधी एक दुरुस्ती. देशातील मतदान घटत चालले आहे, हा समज खरा नाही. १९५१-५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते. २०१९ मध्ये ते ६७ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६च्या आसपास राहिले. आपल्या जालना मतदारसंघाने १३ मे २०२४ रोजी, वैशाखाच्या उन्हात, सुमारे ६९ टक्के मतदान केले. तेव्हा ग्रामीण माणसाला मताची किंमत कळत नाही, असे म्हणणाऱ्याने हे आकडे पाहावेत. दक्षिण मुंबईतील कुलाब्याने २०२४च्या विधानसभेला पन्नाशीही गाठली नव्हती.

आणि या भूमीला मताची किंमत कळावी, याला इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे जाफराबाद निजामाच्या राज्यात होते. १९३९ साली निजाम सरकारने सुधारणांची घोषणा केली, तीत निरनिराळ्या व्यवसायांना आणि हितसंबंधांना प्रतिनिधित्व देऊ केले होते; शेतात राबणाऱ्या सामान्य स्त्री-पुरुषाला मत नव्हते. पुढे राज्यघटनेचे ३२६वे कलम आले आणि शिक्षण, मालमत्ता वा कर यांची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढ भारतीयाला मताधिकार मिळाला. कालपर्यंत ज्याला सरकार म्हणजे पटवारी आणि पोलीस पाटील एवढेच ठाऊक होते, त्याच्या हाती मतपत्रिका आली. हा पालट लोकांच्या मनोवृत्तीत एका रात्रीत झालेल्या बदलामुळे घडला नाही, तो कायद्याने घडविला.

परंतु त्याच निवडणुकीत एक घटना घडली. मतदार याद्या तयार होत असताना उत्तर भारतातील लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद त्यांनी करविली. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नियम केला की, स्वतःचे नाव नसेल तर यादीत नोंद नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी वगळल्या गेल्या. सेन यांचा हेतू वाईट नव्हता. स्त्रीला स्वतःचे नाव असावे हा त्यांचा आग्रह योग्यच होता. परंतु परिणाम असा झाला की, त्या भगिनी मतदान न करणाऱ्यांतही मोजल्या गेल्या नाहीत. टक्केवारीच्या हिशेबात त्या कोठेच नव्हत्या.

येथे शाळेतील गणित आठवा. मतदानाची टक्केवारी हा एक अपूर्णांक आहे. अंशस्थानी मत देणारे, छेदस्थानी यादीतील नावे. आपण सारे अंशाकडे पाहतो; छेद कोण लिहितो, याकडे पाहत नाही. १९८८च्या ६१व्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय २१ वरून १८ केले. मतदारांची संख्या सुमारे ४० कोटींवरून ५० कोटींजवळ गेली. देशाने तरुणांवर टाकलेला तो मोठाच विश्वास होता. तरीही १९८९चे मतदान टक्केवारीत १९८४पेक्षा थोडे खालीच राहिले, कारण छेद एकदम वाढला. उलट उदाहरण बिहारचे. २०२५ मध्ये तेथे याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले आणि ७ कोटी ८९ लाखांची यादी ७ कोटी ४२ लाखांवर आली. नोव्हेंबरमधील मतदान सुमारे ६७ टक्के झाले. २०२० मध्ये ते सुमारे ५७ टक्के होते. मत देणारे प्रत्यक्षात वाढले, यात शंका नाही. विशेषतः स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. पण छेद लहान झाल्याचाही त्यात वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आपल्या तालुक्याकडे वळू. जाफराबादची हद्द बुलडाणा जिल्ह्याला लागून आहे. सोयरिकी पलीकडे चिखली, देऊळगाव राजापर्यंत होतात. मुलगी सासरी जाते, तिचे नाव माहेरच्या यादीतच राहते. सासरी नवी नोंद झाली, तर ती दोन ठिकाणी होते, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० याच्या १७व्या व १८व्या कलमांनुसार असे दुहेरी नाव चालत नाही. नोंद झाली नाही, तर ती मत कोठे देणार? मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. सायंकाळी चिन्हांकित यादी चाळताना ज्या नावांवर रेघ ओढलेली नसते, त्यांत अशी लेकीबाळींची नावे किती असतात, हे पाहिलेल्यालाच ठाऊक. शेजारी बसलेला मतदान प्रतिनिधी सहज सांगतो, “गुरुजी, ही तर दहा वर्षांपूर्वीच नांदायला गेली.” तिला आपण उदासीन मतदार म्हणून मोजतो! मृतांचीही नावे तशीच. माणूस गेला की तेराव्याच्या आत वारसाच्या फेरफाराची चौकशी सुरू होते. नमुना ७ भरून मतदार यादीतून नाव कमी करण्याचे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता मुख्य विषय.

ऊसतोड मजुराचे मत कोठे आहे?

बीड, जालना, अहिल्यानगर आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचा सर्वसाधारण अंदाज आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात ही माणसे कोप्या बांधून चैत्रापर्यंत राहतात. हिशेब कोयत्यावर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि ती फेडल्याखेरीज गावी परतता येत नाही. एक दिवस काम बंद ठेवले तर खाडा पडतो. मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. म्हणजे एक कोयता गेला की गावची दोन मते गेली.

कायदा या मजुराविषयी काय म्हणतो? १९५०च्या अधिनियमाचे १९वे कलम सांगते की, ज्या मतदारसंघात माणूस ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असेल तेथेच त्याचे नाव असावे. २०व्या कलमाचे १-अ हे उपकलम पुढे म्हणते की, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या कारणाने रहिवासी असण्याचे थांबत नाही. हे उपकलम फार मोलाचे आहे. त्यामुळे मजुराचे नाव गावातच राहते, आणि राहावयास हवे. त्याचे घर, त्याचे शेत, त्याच्या म्हाताऱ्या आईचा दवाखाना आणि मुलांची शाळा गावातच आहे. परंतु कायद्याने नाव राखले आणि हात झटकले. नाव जाफराबादच्या यादीत, माणूस चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या फडात. मत द्यावयाचे तर प्रत्यक्ष येऊनच.

यावर कोणी म्हणेल की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ याचे १३५-ब हे कलम १९९६च्या दुरुस्तीने आले. त्यात रोजंदारीवरील कामगाराचाही विचार केला आहे. त्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पण ते मोडणाऱ्या मालकाला दंड किती? कमाल पाचशे रुपये. शिवाय ज्याच्या अनुपस्थितीने कामाचे मोठे नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही, अशी सूटही आहे. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते, हे नुकसान नव्हे काय, असे कारखाना सहज विचारील. आणि मजुराचा मालक तरी कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. मजुरी टनावर, सुट्टीचा पगार कोणाकडे मागावयाचा? परिणामी ज्यांना सुट्टी मिळते त्यांतील कित्येक जण ती सहलीत घालवितात, आणि जो सुट्टी मिळाली असती तर एस.टी.ने रात्रभर प्रवास करून आला असता, त्याला ती मिळत नाही.

आता तारखा पाहा. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये होते. तोपर्यंत बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. आपल्या मतदारसंघाच्या ६९ टक्क्यांत त्यांचाही वाटा आहे. विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले. माणसे अजून गावातच होती. २०२४ मध्ये मात्र २० नोव्हेंबर ही तारीख आली आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते. त्या वेळी राज्याची टक्केवारी वाढून ६६च्या जवळ गेली, म्हणून सारे समाधानी झाले. एकूण टक्केवारी वाढत असतानाही एखादा समाजघटक बाहेर राहू शकतो, हे त्या समाधानात विरून गेले.

खरी गोष्ट त्याच्याही खाली आहे. ज्या संस्थेकडे गावची शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पाणीयोजना असते, त्या जिल्हा परिषदेचे आपल्याकडील मतदान १६ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले, ऐन हंगामात. राज्यातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाले. तेही ऐन हंगामात. मजुराच्या जीवनाशी ज्या सत्तेचा सर्वांत निकटचा संबंध, तिच्या निवडणुकीत तोच गैरहजर. त्यानंतर तर मार्च २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. राज्यघटनेच्या २४३-ई कलमात पाच वर्षांची मुदत स्पष्ट असताना निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. मतदारांच्या उदासीनतेवर भाषणे देणाऱ्यांनी या काळात कोणाला दोष द्यावयाचा होता?

ग्रामपंचायतीच्या वेळी काय होते, हे आपण सर्व जाणतो. उघड बोलत नाही एवढेच. दहा-वीस मतांनी निकाल फिरतो. उमेदवार गाडी करतो, मुकादमाशी बोलतो, खाड्याचे पैसे भरतो आणि टोळी आदल्या रात्री गावात उतरवितो. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात मतदारांसाठी उमेदवाराने असे वाहन भाड्याने घेणे हे १२३व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण आहे आणि १३३व्या कलमाखाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नियम योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू पाहा. शासन मजुराला आणीत नाही, मजूर स्वखर्चाने येऊ शकत नाही. तेव्हा जो आणील त्याच्या उपकाराखाली त्याला मत द्यावे लागते. मत गुप्त असते खरे. परंतु ज्याच्या गाडीतून आलो, ज्याचे जेवण जेवलो, आणि ज्याच्याच गाडीतून परत जावयाचे आहे, त्याच्याविरुद्ध बटण दाबताना गरिबाचा हात अडखळतो. मतदान वाढले, असे आपण म्हणतो. मताधिकार वाढला काय?

सक्तीविषयी थोडे

आपल्या मंडळींत एक मत प्रबळ आहे, ते मला ठाऊक आहे. मतदान सक्तीचे करा, न करणाऱ्याच्या सवलती बंद करा. माझ्याच वयाचे अनेक स्नेही हे आग्रहाने मांडतात. त्यांच्या तळमळीचा आदर ठेवून मी मतभेद नोंदवितो.

सक्तीने मतदान वाढते, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये मतदान साठ टक्क्यांच्या आत होते. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये ते एकदम ९१ टक्क्यांवर गेले. चिली देशाने २०१२ मध्ये सक्ती काढली, मतदान पन्नास टक्क्यांखाली घसरले. २०२२च्या सार्वमताला सक्ती परत आणली, ते पंच्याऐंशीच्या वर गेले. आपल्या देशात गुजरातने स्थानिक संस्थांसाठी डिसेंबर २००९ मध्ये असा कायदा संमत केला. त्याला राज्यपालांची संमती नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाली. मत न देणाऱ्यास शंभर रुपये दंड ठरला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणी रोखली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५व्या अहवालात सक्तीच्या विरुद्ध मत दिले होते.

न्यायालयीन बाजू क्षणभर दूर ठेवू. ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणात आपण दंड पाहतो, त्यामागची व्यवस्था पाहत नाही. तेथे मतदान शनिवारी असते. टपालाने मत देता येते, आधी मत देता येते, आणि मतदानाच्या दिवशी आपल्या राज्यातील कोणत्याही केंद्रावर जाऊन आपल्या मतदारसंघासाठी मत देता येते. एवढी सोय करून मग वीस डॉलर दंड लावला आहे. आपण सोय न करता दंड लावला, तर तो कोणाला बसेल? कुलाब्यातील धनिकाला शंभर रुपये म्हणजे काहीच नाही. तो बसेल कोपीतल्या जोडीला. आणि सवलती बंद करावयाच्या, तर रेशन कोणाचे बंद होईल, हे मी वेगळे सांगावयास नको.

सोय करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. आपल्या जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविली जाते. खोऱ्यातून परागंदा व्हावे लागलेल्या काश्मिरी हिंदू बांधवांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे खास मतदान केंद्रे उघडली गेली. घर गेले तरी मत गेले नाही. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या आणि दिव्यांगांच्या घरी मतपेटी गेली. आणि हे ज्या तरतुदीच्या आधारे होते, ते १९५१च्या अधिनियमाचे ६०-क हे कलम असे आहे की, निवडणूक आयोग शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला अधिसूचित करील, तर त्या वर्गाला टपालाने मत देता येईल. म्हणजे ऊसतोड मजुरासाठी संसदेत नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. एक अधिसूचना पुरेशी आहे. स्थानिक संस्थांच्या बाबतीत राज्यघटनेच्या २४३-के कलमानुसार आपले विधिमंडळच नियम करू शकते. मजुरांची नोंद नाही, ही सबबही आता चालणार नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकरिता ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे काम झालेले आहे.

आयोगाने स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, अशी ती रचना होती. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ते मांडले गेले, शंका निघाल्या, विरोध झाला आणि गोष्ट तेथेच थांबली. काही शंका रास्त होत्या. कोल्हापूरच्या फडात भोकरदन मतदारसंघाचे केंद्र लावले, तर तेथे प्रतिनिधी कोणत्या पक्षाला बसविता येईल? लहान पक्षाला, अपक्षाला ते परवडणार नाही. परंतु अडचण दिसली म्हणून विषय सोडून देणे वेगळे आणि उपाय शोधणे वेगळे. माझ्या मते साखर कारखान्याच्या परिसरात टपाली मतदानाची सुविधा केंद्रे, हा यंत्राहून सोपा मार्ग आहे. मुकादमाच्या नजरेआड मत देता येईल, एवढी दक्षता मात्र घ्यावीच लागेल. नाही तर गाडीवाल्या उमेदवाराच्या हातून सुटून मजूर मुकादमाच्या हातात सापडेल.

एक गमतीची बाब सांगतो. या सभागृहातील काहींची मुले अमेरिकेत आहेत. अनिवासी भारतीयांना २०१०च्या दुरुस्तीने, २०-अ कलमान्वये, आपल्या गावच्या यादीत नाव नोंदविता येते. पण मत देण्यास प्रत्यक्ष यावे लागते. २०२४ मध्ये सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदार नोंदलेले होते आणि तीन हजारसुद्धा आले नाहीत. म्हणजे न्यू जर्सीतील आपला अभियंता आणि सांगलीच्या फडातील आपला मजूर कायद्यापुढे अगदी एका रांगेत उभे आहेत. एकाविषयी आपण म्हणतो, “बिचाऱ्याला येता आले नाही.” दुसऱ्याविषयी म्हणतो, “या लोकांना काही देणेघेणे नाही.”

आता आपल्या हातातले काम. याद्यांचे सखोल पुनरीक्षण जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर जातील. बिहारमध्ये पहिल्या प्रारूपात ६५ लाख नावे गळाली. त्यांत सुमारे २२ लाख मृत आणि ७ लाख दुबार होती. ती जावयासच हवी होती. परंतु सुमारे ३६ लाख ‘स्थलांतरित किंवा न आढळलेले’ होते. आपल्या वस्त्यांत, तांड्यांवर माघ महिन्यात कोणी गेला, तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल. ते कुलूप म्हणजे कायमचे स्थलांतर नव्हे, हे अधिकाऱ्याला सांगणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे, आणि २०व्या कलमाचे १-अ उपकलम त्याच्या खिशात असले पाहिजे. खोटे नाव राहू नये यासाठी आपण जितके दक्ष असतो, तितकेच खरे नाव जाऊ नये यासाठीही असावे लागेल. तो मजूर कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, हे तेथे विचारावयाचे नाही.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या तारखांविषयीचे निवेदन आपण राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवू या. मागणी एवढीच की, मराठवाड्यातील स्थलांतराच्या तालुक्यांत कार्तिक ते चैत्र या काळात मतदान ठेवू नये. ठेवणे भागच असेल, तर टपाली मताची सोय करावी. त्याबरोबर आकडे जोडावे लागतील, आणि ते आपल्यालाच जमवावे लागतील. दसऱ्यापूर्वी प्रत्येक गावातील दोन कार्यकर्त्यांनी किती कोयते कोणत्या कारखान्याला जाणार, याची वही करावी. त्याच फेरीत सासरी गेलेल्या मुलींची आणि निवर्तलेल्यांची नावेही कळतील. मुलीचे नाव सासरच्या यादीत हलविण्यासाठी नमुना ८ लागतो, मृतासाठी नमुना ७. दोन्हींना शुल्क नाही. काही कोऱ्या प्रती मी सोबत आणल्या आहेत. जाताना गावनिहाय घेऊन जाव्यात.